हार्डली कसं वापरायचं, नीट समजून घ्या

जळगाव-धुळ्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी कितीतरी हुशार पोरं 'आय वर्क हार्डली' असं लिहून टाकतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते पण इंटरव्ह्यूत समोरच्याला ऐकू जातं की हा कामाला हातच लावत नाही. स्लोचं स्लोली होतं तसं हार्डचं हार्डली होत असेल असं वाटतं, पण हार्ड हे स्वतःच क्रियाविशेषण पण आहे, त्यामुळे मेहनतीसाठी 'आय वर्क हार्ड', बस.

हार्डली म्हणजे जवळपास नाहीच, क्वचितच, जेमतेम. 'इट हार्डली रेन्स इन भुसावळ इन मे', म्हणजे मे महिन्यात भुसावळला पाऊस फारसा पडत नाही. आता इथंच गडबड होते बघा, मराठीत आपण 'फारसा' म्हटलं की पुढे 'नाही' लावतोच, म्हणून इंग्रजीत पण हात आपोआप नॉटकडे जातो. तो आवरा. हार्डलीत नकार आधीच आहे, परत नॉट नको. 'आय कान्ट हार्डली स्लीप' चूक, 'आय कॅन हार्डली स्लीप इन धिस हीट' बरोबर.

नकार आत आहे हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. सोबत सम नाही, एनी येतं: 'देअर आर हार्डली एनी बनानाज लेफ्ट', केळी जवळपास संपली. कधीतरीच होणाऱ्या गोष्टीला हार्डली एव्हर. आणि क्वेश्चन टॅग, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेला छोटा प्रश्न, होकारार्थी लागतो, 'ही हार्डली टॉक्स, डझ ही?', इथं डझन्ट लिहिलं की मार्क गेला.

जागा म्हणाल तर मुख्य क्रियापदाच्या आधी, आणि कॅन, हॅव्ह, इज असलं काही असेल तर त्याच्यानंतर.

वाक्याच्या सुरुवातीला आलं तर मात्र क्रम उलटतो: 'हार्डली हॅड द ट्रेन लेफ्ट चाळीसगाव व्हेन द लाइट्स वेंट आउट', गाडी चाळीसगावहून सुटते न सुटते तोच दिवे गेले. हॅड आधी, ट्रेन नंतर, आणि पुढे व्हेन. चूक शोधायच्या प्रश्नात व्हेनच्या जागी मुद्दाम दॅन टाकलेलं असतं आणि वाचताना ते खटकत पण नाही, दॅनची जोडी नो सूनरबरोबर आहे.