हिवाळ्यात मुंबई बेटाभोवती : तिथी, धुरकं, ट्रायपॉड आणि ड्रोन

नोव्हेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुंबईच्या किनाऱ्यावर निसर्गचित्रणाचा हंगाम असतो. पावसाळी ढग गेलेले असतात, समुद्र शांत असतो, पाहुणे पक्षी आलेले असतात आणि सूर्योदयासाठी पहाटे चारला उठावं लागत नाही. या दिवसांत नवीन मंडळींचा पहिला प्रश्न असतो, ‘ड्रोन कोणता घेऊ?’ आमचं उत्तर ठरलेलं आहे. पहिला हिवाळा ट्रायपॉड आणि भरती-ओहोटीच्या तक्त्यासोबत काढा, ड्रोनचं पुढच्या वर्षी बघू. मुंबईत ड्रोन उडवायला जवळपास जागाच नाही, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. इथली चौकट पाणी ठरवतं, आणि पाणी वाचता आलं नाही तर वरून काढलेला फोटोही फसतो.

आधी तिथी बघा

भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं. या हिशोबात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्याआधी छापील किंवा ॲपवरचा तक्ता बघावाच. पण महिन्याचं नियोजन करायला ही पाऊणपट पुरते.

यातून एक सोपी गोष्ट हाती लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही वेळा ओहोटी मिळते. खडक उघडे, डबक्यांत आकाशाचं प्रतिबिंब, ओल्या वाळूवर लांबच लांब रेघा. वांद्र्याचं बँडस्टँड, वरळी, मढ, अक्सा, सगळीकडचे काळे कातळ याच दिवसांत बघावेत. अष्टमीच्या आसपास उलटं होतं. सूर्यास्ताला पाणी भिंतीला लागलेलं असतं, पुढे धरायला खडक नसतो, पण माहीमच्या खाडीत सागरी सेतूचं प्रतिबिंब तेव्हाच मिळतं.

उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) जेमतेम दीड-दोन मीटर. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाएवढंच वाढतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. म्हणजे उधाणाला त्या दोन तासांत तासाला मीटरभर. नवखा माणूस नेमका इथे अडकतो. ओहोटीला सूर्यास्त टिपला, निळ्या वेळेसाठी (सूर्यास्तानंतरच्या निळसर उजेडासाठी) कातळाच्या टोकावर थांबला, पहिला तासभर काहीच घडलं नाही म्हणून निर्धास्त झाला, आणि मागची सखल घळ भरून गेली. आपण उभे असतो तो खडक सहसा उंचच असतो, पाणी पाठीमागून येतं. तेव्हा पुढे जाताना वाटेतली सर्वांत खोल जागा लक्षात ठेवा आणि परतीची वेळ तिच्यावरून ठरवा. हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नये. राखाडी, कोरडा, शिंपल्यांचा खरखरीत खडक पकड देतो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यालाही हाच नियम. ओहोटीला चालत जाता येतं, पण पौर्णिमेच्या संध्याकाळी ओहोटी सहाच्या सुमारास आणि सूर्यास्तही डिसेंबरात सहा-सव्वासहाला. फोटो वाळूवरूनच घ्या आणि पावणेसातला परत फिरा.

सूर्य कुठे उगवतो, कुठे मावळतो

डिसेंबरच्या शेवटी मुंबईत सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि पश्चिमेपासून तेवढाच दक्षिणेला मावळतो. त्यामुळे उन्हाळ्यात पाहून ठेवलेल्या जागा बदलतात. गेटवेवरून या दिवसांत सूर्य उरणच्या बाजूला वर येतो, घारापुरी बरीच डावीकडे राहते. घारापुरीमागून उगवणारा सूर्य हवा असेल तर मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावर जा. गिरगाव चौपाटीवर डिसेंबरात सूर्य मलबार हिलमागे जातो, समुद्रात बुडताना दिसत नाही. त्यासाठी नरिमन पॉइंट. सागरी सेतूच्या तारांमागे सूर्य हवा असेल तर माहीमचा किनारा पायी चालून आधी नकाशावर रेघ मारा. पन्नास पावलं इकडेतिकडे झाली की मनोरा आणि सूर्य यांचा मेळ बिघडतो. किनारी रस्त्यामुळे ब्रीच कँडी ते वरळी हा पट्टा पार बदलला आहे, जुने फोटो पाहून तिथली जागा ठरवू नका.

धुरकं

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगत गार हवेचा थर बसतो आणि त्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. धूळ, धूर सगळं त्याखाली अडकतं. सकाळी मतलई वारे हे सगळं समुद्राकडे ढकलतात, दुपारनंतर खारे वारे थोडं मोकळं करतात. म्हणून दूरचा देखावा हवा तर दुपारी चारनंतर. सकाळी दूरचं विसरा आणि धुरक्यालाच कामाला लावा. प्रकाशाच्या दिशेने तोंड करा, १०० ते २०० मिलिमीटरची लेन्स लावा आणि होड्या, क्रेन, डोंगर असे थर एकामागे एक रचा. मागचा प्रत्येक थर फिकट होत जातो आणि खोली आपोआप येते. वाइड लेन्सने याच सकाळी फक्त करडं आकाश मिळतं. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) सूर्यापासून काटकोनातच काम करतो आणि २४ मिलिमीटरपेक्षा रुंद लेन्सवर आकाशात गडद पट्टा पाडतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, धुरक्यातला नारिंगी रंग तो ‘दुरुस्त’ करून टाकतो. ५५०० ते ६००० केल्विनवर लॉक करा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा.

ओल्या वाळूवरचा ट्रायपॉड

लाटेबरोबर पायांखालची वाळू निघून जाते आणि ट्रायपॉड एका बाजूला खचतो. डोळ्याला दिसत नाही, पण दोन सेकंदांच्या फोटोत खडकाच्या कडा दुहेरी येतात. उपाय असा : पाय जरा जास्त फाकवा, प्रत्येक पाय हलवत वितभर आत खुपसा, एक-दोन लाटा जाऊ द्या, मग क्षितिज सरळ करा. मधला दांडा वर घेऊ नका. प्रत्येक मोठ्या लाटेनंतर क्षितिज पुन्हा तपासा.

सुरुवातीची मांडणी : आयएसओ १००, एफ ११, फोकस चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागातल्या खडकावर, दोन सेकंदांचा टायमर. एनडी फिल्टरचा (प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचेचा) हिशोब तोंडपाठ असावा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, वेळ दुप्पट. फिल्टरविना १/१५ सेकंद येत असेल तर सहा स्टॉपच्या फिल्टरने चार सेकंद, दहा स्टॉपच्या फिल्टरने सुमारे ६८ सेकंद. आमच्या मते नवीन माणसाने दहा स्टॉपचा फिल्टर घेऊच नये. मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये मुंबईचा समुद्र दुधाळ सपाट होतो आणि कुठलाही समुद्र वाटतो. लाट परत फिरताना अर्धा ते एक सेकंद ठेवलं तर वाळूवरच्या फेसाच्या रेघा राहतात, आणि चौकटीला दिशा त्या रेघांमुळेच येते. बटण लाट येताना दाबू नये, ती फुटून मागे सरकायला लागली की दाबावं.

शिवडी आणि घारापुरी

रोहित पक्षी ठाणे खाडीत हिवाळ्यात येतात आणि मे-जूनपर्यंत असतात. पूर्ण ओहोटीला ते चिखलात दूर पसरतात, पूर्ण भरतीला उडून दुसरीकडे बसतात. पाणी चढत असताना ते काठाकडे सरकत येतात, भरतीआधीचे दोन-तीन तास आपले. शिवडीच्या जेट्टीवर लवकर पोहोचा, चिखलात उतरू नका. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून शिवडीच्या चौकटीत तो येणारच, त्याला टाळण्यापेक्षा त्याची रेघ वापरा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जाता येतं, बोटी भरतीच्या वेळेनुसार सुटतात. हे अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). इथे ड्रोन काढायचाच नाही. डोक्यावर घरघर आली की हजारो पक्षी एकदम उठतात, आणि लांबच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद उगाच खर्च होते.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेवरून पहिली लाँच साधारण नऊला सुटते, त्यामुळे पहाटेचा प्रकाश मिळत नाही. लाँचवरचा खरा विषय म्हणजे मागे लागणारे कुरव पक्षी. १/२००० सेकंद, सलग फोकस, सूर्य पाठीशी. त्यांना गाठी-चिवडा घालू नका. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, ड्रोनलाही. वाटेत तुर्भ्याचं (ट्रॉम्बेचं) अणुसंशोधन केंद्र, जवाहर द्वीपाचं तेल टर्मिनल आणि नौदलाची जहाजं दिसतात, त्यांच्याकडे लेन्स वळवू नये.

ड्रोन : आधी कायदा

ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत उडवता येतो. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. डिजिटल स्कायचा नकाशा उघडा आणि मुंबईवर नजर टाका. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूची धावपट्टी, नौदल, बंदर, अणुकेंद्र. नवी मुंबई विमानतळामुळे उलवे, पनवेल, उरणच्या बाजूलाही आता नकाशा बघितल्याशिवाय जाऊ नये. याशिवाय मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर बंदीचे आदेश ठरावीक मुदतीसाठी पुन्हापुन्हा काढतात. नॅनो ड्रोनलाही त्यातून सूट नसते. ‘छोटा आहे, चालतो’ असं दुकानदार म्हणतो, ते ऐकू नका.

फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. दुबईहून येणाऱ्या आतेभावाला ‘एक घेऊन ये’ सांगू नका, कस्टममध्ये अडकेल. जुना घेत असाल तर नोंदणी क्रमांक आपल्या नावावर होतो का ते पैसे देण्याआधी पाहा. मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन काम करायचं असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण, आणि डीजीसीएमान्य (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या) संस्थेतलं प्रशिक्षण. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. त्रयस्थ विमाही काढावा लागतो.

मग उड्डाण

उड्डाणासाठी रायगडचा किनारा गाठावा, तोही त्या दिवशीचा नकाशा पाहून, स्थानिक पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत विचारून. जंजिरा, कुलाबा हे संरक्षित किल्ले आहेत, त्यांच्यावरून नाही.

किनाऱ्यावर ड्रोन बुडण्याचं नेहमीचं कारण वारा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ड्रोन पाठवताना वारा पाठीशी असतो, तो भराभर दूर जातो, बॅटरी छान दिसते. परत येताना तोच वारा तोंडावर, वेग निम्मा आणि खर्च दुप्पट. म्हणून सकाळी समुद्राकडे गेलात तर बॅटरी ७५ टक्क्यांवर आली की वळा. दुपारी खारे वारे सुटले की परतीला मदत होते, पण झोत जोरात असतात. लाटांवर शेंडे पांढरे दिसू लागले की नॅनो ड्रोन पेटीतच ठेवा.

पाण्यावर दोन-तीन मीटरपेक्षा खाली उतरू नका. पोटाखालचे सेन्सर हलत्या लाटांना जमीन समजून फसतात. हलत्या बोटीवरून उडवू नका. ‘घरी परत’ दाबलं की ड्रोन उड्डाणाच्या जागी येतो, आणि तिथे आता फक्त पाणी असतं. वाळूवरून उडवताना पॅड अंथरा, नाहीतर पंख्यांनी उडालेले कण गिंबलच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाच्या) मोटरमध्ये बसतात. घार झेपावली तर सरळ वर चढा, ती उभी चढत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात मांजाने पंखे अडकतात, तेव्हा गावाजवळ उडवूच नका.

फोटोसाठी रॉ, आयएसओ १००, पाच फ्रेमचं ब्रॅकेटिंग (एकच दृश्य कमी-जास्त उजेडात पाचदा). व्हिडिओला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद, भर उन्हात त्यासाठी १६ किंवा ३२ चा (म्हणजे चार किंवा पाच स्टॉपचा) एनडी. पॅनोरामात एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून फ्रेम एक तृतीयांश एकमेकींवर येऊ द्या. बॅटरी खिशात गरम ठेवा वगैरे परदेशी सल्ले इथे लागू नाहीत. मुंबईचं आजवरचं नीचांकी तापमान २२ जानेवारी १९६२ चं ७.४ अंश. इथे काळजी उलटी, उतरलेली बॅटरी गार झाल्याशिवाय चार्जरला लावू नका.

काम म्हणून करायचं असेल तर

ग्राहकाला पन्नास ठिकाणांचे पन्नास सूर्यास्त दाखवून काही साधत नाही. एकच जागा उधाणाला, भांगाला, सकाळी आणि निळ्या वेळेला काढलेली दाखवा. तुम्हाला वेळ सांगून ती गाठता येते, हे त्यातून कळतं. प्रत्येक फाइलसोबत तिथी, पाण्याची उंची आणि वारा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणी ‘असाच हवा’ म्हटलं तर तारीख काढता येते. ड्रोनचं काम घेताना परवानगी कोण काढणार हे दरपत्रकात लिहा, आणि लाल पट्ट्यातलं काम असेल तर गच्चीवरून किंवा उंच मोनोपॉडवरून (एकपायी दांड्यावरून) काढण्याचा पर्याय आधीच द्या.

घरी आल्यावर फिल्टर कोरडा पुसू नका, मिठाचे कण काच ओरबाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं, मग मायक्रोफायबर. ट्रायपॉडचे पाय सगळे खण उघडून नळाखाली धुवा, सावलीत वाळवा आणि मगच बंद करा. ड्रोनवरून ओलसर फडकं फिरवा, पंखे काढून मोटरींत वाळू अडकली आहे का ते हाताने फिरवून बघा. आठवडाभर उडवायचा नसेल तर बॅटऱ्या ६० टक्क्यांवर ठेवा.