पीसी सारखा रीस्टार्ट होतोय? आधी रिसेटची वायर काढून बघा

घरी जोडलेला पीसी मधेच आपोआप रीस्टार्ट होत असेल तर लगेच नवीन एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किंवा रॅम घ्यायला धावू नका, आधी हे फुकटातलं करून बघा. कॅबिनेटचं रिसेट बटण कधीकधी आत अडकून राहतं किंवा त्याची वायर कुठेतरी दबून शॉर्ट होते, मग मदरबोर्डला वाटतं कोणीतरी रिसेट दाबलंय.

१. पीसी बंद करून मागची पॉवर केबल काढा.
२. मदरबोर्डच्या खालच्या कडेला बारीक वायरींचा झुपका असतो, बहुतेक उजव्या कोपऱ्यात, त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढा आणि मग रिसेट एसडब्ल्यू (RESET SW) लिहिलेला कनेक्टर हलकेच ओढून काढा. पीसी चालायला तो लागतच नाही.
३. केबल लावून चालू करा आणि नेहमीचं काम करत राहा.

थांबलं तर वायर तशीच मोकळी राहू द्या. नाहीच थांबलं तर रॅमची एकेक स्टिक लावून बघा, आणि फक्त गेम खेळताना होत असेल तर प्रोसेसरचं तापमान बघा, ते ठीक असेल तर मग एसएमपीएसवर संशय घ्या.

एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नका, केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज साठलेला असू शकतो.