ग्रीकचं पहिलं वर्ष आणि 'स्प्लांख्ना'

नव्या कराराचं ग्रीक नव्याने शिकणाऱ्यांना मी एकच सांगतो: व्याकरण चालू असतानाच एक शब्द धरा आणि तो जिथे जिथे येतो तिथे त्याच्या मागे जा. 'लोगोस' (शब्द) किंवा 'अगापे' (प्रीती) घेऊ नका. त्यांच्यावर इतकी प्रवचनं ऐकलेली असतात की स्वतःच्या डोळ्यांना काही दिसतच नाही. मी 'स्प्लांख्ना' घेतला होता. अर्थ पोटातले अवयव, आतडी-काळीज. गामा या ग्रीक अक्षरानंतर खी हे अक्षर आलं की गामा अनुनासिक होतो, हा नियमही त्यात फुकटात पक्का होतो.

कॉन्कॉर्डन्समध्ये, म्हणजे कुठला शब्द कुठल्या वचनात येतो त्याच्या सूचीत, हे नाम ११ वेळा सापडतं आणि त्यावरून झालेलं क्रियापद १२ वेळा. आवाक्यातलं काम आहे. कोश मात्र शेवटी उघडायचा, आधी सगळी वचनं वाचायची. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये यहूदाची आतडी बाहेर पडतात. तेवढा एक उल्लेख अक्षरशः शरीराचा. बाकी सगळीकडे माया आणि कळवळा. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, आपलंही आतडं तुटतंच.

क्रियापद फक्त मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात आहे. लूक १० मधली शोमरोन्याची गोष्ट ग्रीकमध्ये जरूर वाचा. लुटारूंनी मारून टाकलेला एक अर्धमेला माणूस वाटेत पडलेला असतो. याजक येतो: 'इदोन', पाहून, पलीकडून निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, येतो: पुन्हा 'इदोन', पुन्हा तेच निघून जाणं. शोमरोनी येतो, तोही 'इदोन', आणि तिथे निघून जाण्याच्या क्रियापदाच्या जागी आपलं क्रियापद येतं, 'एस्प्लांख्निस्थे', त्याला कळवळा आला. पाहिलं तिघांनीही. ही रचना भाषांतरात बऱ्याचदा विरून जाते, आणि माझ्या मते ग्रीक शिकण्याचे कष्ट इथेच वसूल होतात.

पौल क्रियापद वापरत नाही, नाम मात्र वापरतो. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र अवघं २५ वचनांचं, त्यात हा शब्द ३ वेळा. १२व्या वचनात तो अनेसिम या दासाला परत पाठवताना म्हणतो, हा म्हणजे माझी 'स्प्लांख्ना'च. दोनच वचनं आधी त्याने अनेसिमला बंधनात असताना जन्म दिलेलं आपलं लेकरू म्हटलंय. मला इथे 'पोटचा गोळा' सोडून दुसरं काही सुचत नाही. परीक्षेत तसं लिहायचं की नाही ते आपापल्या सरांना विचारून ठरवा.

आता एक पथ्य. मुळात आतडी म्हणून प्रत्येक वचनात पोट ढवळून काढू नका. याच शब्दावरून झालेला 'इउस्प्लांख्नोस' इफिसकरांस ४:३२ मध्ये 'कनवाळू' या अर्थाने येतो, पण हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या वैद्यकीय लेखनात तोच शब्द 'आतडी ठणठणीत असलेला' एवढंच सांगतो. व्युत्पत्ती वाट दाखवते, अर्थ वाक्यातूनच काढावा लागतो.

आणि पानाच्या तळाची पाठभेदांची बारीक टीप वाचायला लवकर शिका. मार्क १:४१ मध्ये कुष्ठरोग्याला पाहून येशूला कळवळा आला, असं बहुतेक हस्तलिखितांत आहे. कोडेक्स बेझी हे जुनं हस्तलिखित मात्र तिथे 'ऑर्गिस्थेइस', म्हणजे 'रागावून', असं लिहितो. काही अभ्यासकांना तोच मूळ पाठ वाटतो: रागाचा कळवळा कोणीही नकलकार करील, कळवळ्याचा राग कशाला करील? तेव्हा ते १२ उल्लेख वहीत उतरवताना हा एक पेन्सिलनेच लिहा.