विल्टशरची प्राचीन स्थळे सायकलवरून पाहताना या चुका टाळा

दक्षिण इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात स्टोनहेंज, एव्हबरीचे पाषाणवर्तुळ, सिलबरी हिल, रिजवे ही जुनी डोंगरवाट आणि सॉल्झबरीचे कॅथेड्रल ही सारी स्थळे दोन-तीन दिवसांच्या सायकलप्रवासात पाहता येतात. इतका मोठा काळ इतक्या थोड्या जागेत पाहण्याची संधी फार ठिकाणी मिळत नाही आणि ती सायकलवरून जशी अनुभवता येते तशी मोटारीच्या खिडकीतून येत नाही, असे माझे ठाम मत आहे. मात्र आपल्याकडून जाणारे बरेच जण हा प्रवास महामार्गावरच्या प्रवासासारखा आखतात: स्थळे मोजतात, त्यांच्यातले अंतर मोजतात आणि मधला रस्ता म्हणजे केवळ उरकायचा भाग आहे असे धरून चालतात. खाली सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या समजुतीत आहे, कारण या प्रदेशात प्रत्येक वाटेला तिचा स्वतःचा कायदा, तिची स्वतःची माती आणि अनेकदा स्मारकाइतकेच वय असते.

नकाशावरची प्रत्येक वाट सायकलची असते असे समजणे

ही सर्वांत नेहमीची चूक आहे आणि मीही पहिल्या खेपेला ती केली. सिलबरी हिलजवळच्या एका शेतातल्या वाटेवर मी सायकल घातली, तेव्हा समोरून येणाऱ्या शेतकऱ्याने मला थांबवले आणि ही वाट केवळ चालणाऱ्यांसाठी आहे, हे अतिशय शांतपणे समजावून सांगितले. इंग्लंडमधल्या सार्वजनिक वाटांचे प्रकार ठरलेले आहेत. ‘फुटपाथ’ म्हणजे शेतामाळातून जाणारी पायवाट. तिथे सायकल चालवण्याचा हक्क नाही आणि चालवल्यास तो जमीनमालकाच्या हक्काचा भंग ठरतो. ‘ब्रायडलवे’ म्हणजे घोडेवाट. तिच्यावर सायकल चालवण्याचा हक्क १९६८च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिला, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याची अट घालूनच. ‘रिस्ट्रिक्टेड बायवे’ म्हणजे मोटारींना बंद असलेली जुनी गाडीवाट आणि ‘बायवे’ म्हणजे सर्व वाहनांना खुली असलेली कच्ची वाट. या दोन्ही वाटांवर सायकलला मोकळीक आहे. खांबांवरचे बाण हा फरक रंगांनी दाखवतात: पायवाटेचा बाण पिवळा, घोडेवाटेचा निळा, रिस्ट्रिक्टेड बायवेचा जांभळा आणि बायवेचा लाल असतो. पिवळा बाण दिसला की सायकलवरून उतरायचे आणि दुसरी वाट शोधायची, एवढा नियम पाळला तरी बरेचसे अवघड प्रसंग टळतात.

फोनमधला नकाशा हा फरक नेहमीच ओळखतो असे नाही. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा, नारिंगी वेष्टनाचा एक्सप्लोरर नकाशा जवळ ठेवावा. स्टोनहेंजच्या परिसरासाठी १३० क्रमांकाचा आणि एव्हबरीसाठी १५७ क्रमांकाचा नकाशा लागतो. या मालिकेत हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. बारीक, आखूड रेघा पायवाटेच्या आणि लांब रेघा घोडेवाटेच्या. हा फरक आदल्या रात्री दिव्याखाली, शांतपणे पाहून ठेवावा, कारण वाऱ्यात फडफडणाऱ्या नकाशावर तो चटकन ओळखू येत नाही.

रिजवेच्या बाबतीतही हीच गल्लत होते. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत जाणारी ही १३९ किलोमीटरची राष्ट्रीय वाट आहे, त्यामुळे ती पूर्ण सायकलने करता येईल असे अनेकांना वाटते. थेम्स नदीपर्यंतचा पश्चिमेकडचा भाग सायकलला खुला आहे. नदीपलीकडे मात्र वाटेचे अनेक तुकडे निव्वळ पायवाटेचे आहेत. सायकलस्वाराने बेत पश्चिम भागापुरताच आखावा. अफिंग्टनचा पांढरा घोडा, म्हणजे टेकडीच्या उतारावर खडूने रेखलेली घोड्याची भव्य आकृती, आणि वेलँड्स स्मिदी ही प्राचीन समाधी, दोन्ही याच भागात आहेत.

स्टोनहेंजला थेट दगडांपाशी पोहोचण्याचा बेत

फोनवर ‘स्टोनहेंज’ लिहून निघालेला माणूस भलत्याच बाजूने दगडांच्या जवळ पोहोचतो आणि मग प्रवेश कुठून आहे हे शोधत फिरतो. २०१३ पासून अभ्यागत केंद्र दगडांपासून सुमारे अडीच किलोमीटर पश्चिमेला आहे. तिकीट तिथे, सायकल लावण्याची जागा तिथे आणि तिथून पुढे बसने किंवा चालत जायचे. तिकीट ठरावीक वेळेचे असते, म्हणून पंक्चर किंवा वाऱ्यासाठी तासाभराची सवड ठेवून वेळ निवडावी. चालत जाणेच मी सुचवेन, कारण वाटेत दिसणाऱ्या समाधी-टेकड्यांशिवाय या जागेचा आवाका कळत नाही. वर्तुळाजवळून जाणाऱ्या ए३०३ या वाहत्या रस्त्यावर सायकल घालण्याचा मोह तर मुळीच धरू नये. सॉल्झबरीहून निघणाऱ्याने वुडफर्डच्या खोऱ्यातून, एव्हन नदीच्या काठाने, राष्ट्रीय सायकल मार्ग ४५ धरून एम्सबरी गाठावी आणि तिथून उत्तरेला लार्कहिलच्या बाजूने वळावे. हा रस्ता लांबचा आहे, पण गवती छपरांची घरे आणि खळखळ वाहणारी नदी यांच्यामधून जाणारा आहे.

स्टोनहेंज ते एव्हबरी हे अंतर सरळ रेषेत सुमारे २७ किलोमीटर असले तरी आडरस्त्यांनी ते ४० च्या घरात जाते. ही दोन स्थळे एकाच दुपारी ‘उरकण्याचा’ बेत करणारे एव्हबरीला दमून पोहोचतात आणि जगातले हे सर्वांत मोठे पाषाणवर्तुळ अर्ध्या तासात पाहून निघतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. तिथे वर्तुळाच्या आत गाव वसलेले आहे, दगडांना हात लावता येतो, तिकीट नाही. ती जागा अख्खा दिवस मागते.

मातीचा अंदाज चुकणे

हा सारा प्रदेश खडूच्या मऊ पांढऱ्या दगडावर वसलेला आहे. कोरड्या दिवसांत या वाटा टणक आणि वेगवान असतात, पण पाऊस पडला की त्याच वाटा साबणासारख्या निसरड्या होतात आणि पांढरा चिकट गाळ चाक, ब्रेक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत इतका घट्ट भरतो की चाक फिरेनासे होते. अशा वेळी जोर लावून पेडल मारणे ही मोठी चूक आहे. गिअर बदलणारा डिरेलर जिथे चौकटीला जोडलेला असतो तो भाग वाकतो आणि सायकल तिथेच अडते. खाली उतरावे, काडीने गाळ खरवडून काढावा आणि जवळचा डांबरी रस्ता धरावा. मुक्कामावर पोहोचल्यावर गाळ ओला असतानाच साध्या पाण्याने धुवावा, कारण वाळल्यावर तो गिलाव्यासारखा घट्ट बसतो. जोराच्या फवाऱ्याने मात्र धुऊ नये. पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

याच खडूत चकमकीचे दगड असतात आणि फुटलेली चकमक सुरीसारखी धारदार असते. त्यात भर म्हणजे, पक्ष्यांच्या विणीच्या हंगामामुळे मार्च ते ऑगस्ट झुडपी कुंपणे कापण्यास मनाई असते, त्यामुळे सप्टेंबर उजाडला की कापणी सुरू होते आणि आडरस्ते काट्यांनी भरतात. पंक्चर काढताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे टायरमध्ये अडकलेला काटा न शोधता नवी ट्यूब घालणे; तिची हवा दहा मिनिटांत पुन्हा जाते. टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा रुमाल फिरवावा, तो जिथे अडकेल तिथे काटा असतो. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोके दिसली तर काटा नव्हे, हवा कमी असल्याचे ते लक्षण आहे. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलेली आहे.

आपल्या साध्या सायकलच्या वॉल्व्हची सवय असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इंग्लंडमध्ये भाड्याने मिळणाऱ्या सायकलला बहुधा बारीक प्रेस्टा किंवा मोटारीसारखा जाड श्रेडर वॉल्व्ह असतो, म्हणून सायकल ताब्यात घेतानाच पंप त्याला बसतो का हे करून पाहावे. मागचे चाक नटांनी बसवलेले असेल तर १५ मिलिमीटरचा पाना मागून घ्यावा. तो नसेल तर ट्यूब जवळ असूनही उपयोग होत नाही.

अरुंद रस्ता म्हणजे संथ रस्ता, असे धरून चालणे

दोन्ही बाजूंना उंच कुंपणे आणि मधे जेमतेम एका मोटारीची वाट, असा आडरस्ता पाहून निवांत वाटते. पण गावाबाहेर पडताच पांढऱ्या वर्तुळात काळी तिरकी पट्टी असलेली पाटी दिसली, तर तिथे कायद्याने ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर वेगाची मुभा असते. वळणावर कुंपणाला चिकटून जाऊ नये. थोडे मधे राहावे, म्हणजे मागून-समोरून येणाऱ्याला आपण लवकर दिसतो. पाट्यांवरचे अंतर मैलांत असते, हेही विसरू नये. आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. घोडेस्वार दिसला तर लांबूनच आवाज द्यावा, वेग कमी करावा आणि घोड्याच्या उजव्या बाजूने, मोकळे अंतर ठेवून पुढे जावे.

सॉल्झबरी प्लेन या सैन्याच्या सरावाच्या माळरानावर लाल निशाण फडकत असेल तर पुढे जाऊ नये; तिथे सैन्याचा खरा गोळीबार चालू असतो. १९४३ मध्ये रिकामे केलेले इम्बर हे गाव याच हद्दीत आहे आणि वर्षातले मोजकेच दिवस लोकांसाठी उघडते.

नावावरून स्थळाचा तर्क बांधणे

‘कॅसल’ हा शब्द वाचून सिंहगड किंवा राजगडाच्या अपेक्षेने बार्बरी कॅसलला जाणाऱ्या मराठी माणसाची निराशा होते, कारण तिथे बुरूज नाही, दरवाजा नाही, चिरेबंदी तट नाही. तो लोहयुगातला डोंगरी कोट आहे आणि दिसतात ती मातीच्या तटाची गवताळ वर्तुळे व त्यांच्यामधले खंदक. तटाच्या माथ्यावरून पूर्ण फेरी मारली तर या बांधणीचा आवाका समजतो. ही फेरी पायीच मारावी. टेकड्यांवरच्या पांढऱ्या घोड्यांबाबतही असेच होते. अफिंग्टनचा घोडा सुमारे तीन हजार वर्षांचा आहे, पण वेस्टबरी, चेरहिल आणि आल्टन बार्न्स इथले आज दिसणारे घोडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. सगळेच प्राचीन मानून त्यांच्यामागे दिवस घालवू नये. अफिंग्टनच्या घोड्याच्या खडूवर पाय तर अजिबात ठेवू नये.

सिलबरी हिल हा युरोपातला सर्वांत मोठा प्रागैतिहासिक मानवनिर्मित डोंगर आहे आणि त्यावर चढण्यास बंदी आहे. तिथून जवळच असलेल्या, इ.स.पू. ३६५०च्या सुमारास बांधलेल्या वेस्ट केनेटच्या समाधीकडे पायवाटच जाते. म्हणून सायकल एव्हबरीत कुलूप लावून ठेवावी, बूट घट्ट बांधावेत आणि केनेट नदीच्या काठाने दोन-अडीच किलोमीटर चालत जावे. समाधीच्या आत काळोख असतो. सायकलचा पुढचा दिवा काढून सोबत घ्यावा.