सायकल टूरवर चाकाचा पार्ट गेला तर कुठे शोधायचा, काय चालतं, काय नाही

कोकणात सागरी मार्गाने जाताना सायकलवाला बऱ्याच गावांत भेटतो, पण त्याच्याकडचा माल जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलींचा आणि पोरांच्या सायकलींचा असतो, आपल्या ७००सीचा, म्हणजे टूरिंग सायकलच्या चाकाच्या मापाचा नाही, त्यामुळे नुसतं "टायर आहे का" विचारून भागत नाही, आकडा सांगावा लागतो.

निघायच्या आधी घरीच टायरच्या कडेवर बोट फिरवा, ३७-६२२ असा उठावाचा आकडा सापडेल, त्याचा फोटो काढून ठेवा. पहिला रुंदीचा, दुसरा टायर रिमवर बसतो तिथल्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. "२८चा द्या" म्हणालात की काळ्या सायकलचा २८ बाय दीड हातात येतो, तो ६३५चा, आपल्या रिमवर ढिला बसतो आणि हवा भरली की बाहेर येतो, अजिबात घेऊ नका. तालुक्याच्या गावी २९ इंची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकली विकणारं दुकान शोधा, २९ म्हणजेही ६२२च, फक्त एवढा जाड टायर फ्रेममध्ये मावतो का ते बघा. ट्यूबचं तसं नाही, ती ताणते, ६३५ची पण चालते, पण प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व्हसाठी रिमला पाडलेल्या साडेसहा मिलिमीटरच्या भोकातून देशी जाड व्हॉल्व्ह जात नाही, म्हणून ट्यूब दोन जास्तच न्या.

स्पोकचा, म्हणजे चाकाच्या तारेचा खरा ताप मागच्या चाकात, गिअरच्या बाजूला. तिथली तार जास्त ताणलेली असते, वर सामानाचं वजन, तुटते तीच. आणि बदलायला कॅसेट नाहीतर फ्रीव्हील (मागच्या गिअरच्या चकत्या) काढावं लागतं, ते काढायचं हत्यार, म्हणजे ओपनर, छोट्या दुकानात बहुतेक नसतो. माझी गुहागरच्या अलीकडे चढावर तुटली, टण्‌ आवाज आला आणि रिम ब्रेकला घासायला लागली. तिथल्या सायकलवाल्या काकांनी काळ्या सायकलची लांब तार घेतली, डोकं पकडीने तोडलं, टोक झेडसारखं वाकवून फ्रीव्हील न काढताच हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकात अडकवलं, मग निपल, म्हणजे तारेचं रिमकडचं नट, आवळत चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला. चिपळूणपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर ती तार टिकली! तरी हा जुगाडच, आपल्या मापाचे चार स्पोक निपलसकट फ्रेमला टेपने चिकटवून न्या, आणि गिअरच्या बाजूचे वेगळे मोजा, ते बहुतेक दोनेक मिलिमीटर आखूड असतात. लांब स्पोक बसवला तर टोक रिमच्या आत घुसून ट्यूब फोडतं.

हबमधले छर्रे कुठेही मिळतात, मागच्या हबला बहुतेक पाव इंची, पुढच्याला त्याहून बारीक, बदलायचे तर सगळेच बदला. कोन, म्हणजे छर्ऱ्यांना दाबून धरणारा निमुळता नट, मात्र जुना दाखवूनच घ्या, आटे जुळतात का ते एक्सलवर (चाकाच्या दांड्यावर) फिरवून बघा.

काहीच मिळालं नाही तर आपल्या नेहमीच्या दुकानदाराला फोटो पाठवा आणि पार्सल आहात तिथे न मागवता दोन मुक्काम पुढच्या गावी मागवा, एस्टीने किंवा ट्रॅव्हल्सने येतं. जुना पार्ट नवीन बसवून दहा किलोमीटर चालवेपर्यंत फेकू नका, फसलं तर परत दाखवायला तोच लागतो.