पणजीत शनिवार-रविवार: काय करावे आणि काय टाळावे

पणजीत दोन दिवस निवांत काढायचे असतील, तर सर्वांत आधी कळंगुट आणि बागा या दोन नावांवर फुली मारावी. पणजी हे मांडवीच्या काठचे शहर आहे. तिथे राहून उत्तरेकडचे किनारेही उरकू पाहणाऱ्याचा निम्मा वेळ पुलावरच्या वाहनांच्या रांगेत जातो. समुद्र हवाच असेल तर तो मिरामारला चालत जाऊनही भेटतो.

मुंबईहून निघणाऱ्यांना शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस सोयीची पडते. तिचे तिकीट सवयीने मडगावचे काढले जाते. ते करमळीचे काढावे, कारण करमळीहून पणजी दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि मडगावहून त्याच्या तिप्पट दूर. रविवारी संध्याकाळी हीच गाडी परतीला मिळते. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, एवढे ध्यानात ठेवावे. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सवामुळे खोल्या महागतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे केवळ माशांसाठी जाणाऱ्यांनी ते दोन महिने टाळलेले बरे.

मुक्काम फोंतेन्हास किंवा मळा या जुन्या वस्त्यांत किंवा चर्च चौकाच्या आसपास करावा, म्हणजे वाहन भाड्याने घेण्याची गरज उरत नाही. शनिवारी पोहोचल्यावर आंघोळ करून साध्या खानावळीत शीत-कडी (भात आणि माशांची आमटी), तळलेला मासा, किसमूर (सुक्या मासळीची खोबरे घातलेली कोशिंबीर) असे जेवावे आणि सरळ झोपावे. दुपारी एक ते चारच्या दरम्यान इथली बरीच दुकाने बंद असतात. पुण्याच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. त्या वेळी उन्हात शहर पाहण्याचा अट्टाहास करणारा माणूस संध्याकाळी दमलेला असतो, आणि पणजीची खरी वेळ तर संध्याकाळचीच आहे.

साडेचारच्या सुमारास जुन्या सचिवालयापासून पश्चिमेकडे चालायला लागावे. ही इमारत म्हणजे मूळचा आदिलशहाचा राजवाडा. तिच्या शेजारी एका स्त्रीवर हात उगारलेल्या माणसाचा पुतळा दिसतो. अनेकांना ते भांडण वाटते, पण तो संमोहनविद्येचा अभ्यासक आबे फारिया आहे. त्याचा जन्म १७५६ मध्ये कांदोळीला झाला. पुढे नदीत कॅसिनोंची जहाजे उभी असतात आणि रस्त्यावर त्यांचे दलाल. दोघांकडेही लक्ष न देता कांपालकडे जावे. तिथली कला अकादमीची इमारत चार्ल्स कोरिया यांच्या रचनेची आहे आणि तिच्यातल्या नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे नाव दिलेले आहे. त्या संध्याकाळी मराठी नाटक किंवा संगीताची मैफल आहे का, हे आधीच पाहून ठेवावे. सूर्यास्ताला मिरामार गाठावे. मांडवी समुद्राला मिळते ती हीच जागा, आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधीही इथेच आहे.

रविवारी मात्र लवकर उठावे, कारण फोंतेन्हासच्या गल्ल्या सात वाजता पाहण्यात आणि अकरा वाजता पाहण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सकाळी सायकलवरच्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू येतो, पिवळ्या-निळ्या भिंतींवर कोवळे ऊन असते आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची झुंबड अजून उडालेली नसते. ही घरे लोकांची राहती घरे आहेत. कुणाच्या पायरीवर बसून किंवा खिडकीपुढे उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. रहिवाशांचा वैताग अगदी रास्त आहे. गल्लीच्या टोकाला सेंट सेबास्टियनचे १८१८ मधले छोटे चॅपेल आहे. त्यातला क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यानंतर न्याहारीला पातळ भाजी, पाव आणि मिरचीचे भजे घ्यावे. मग धक्क्यावरून बेतीची फेरीबोट धरून पलीकडे जावे आणि त्याच बोटीने परत यावे. पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही, आणि पाण्यातून दिसणारी पणजी रस्त्यावरून दिसणाऱ्या पणजीहून कितीतरी देखणी आहे.

जुने गोवे मुद्दाम रविवारच्या दुपारसाठी राखून ठेवावे. ते करमळी स्थानकाच्या वाटेवरच आहे, म्हणून एकच टॅक्सी ठरवून सामान तिच्यातच ठेवता येते. चालकाला रायबंदरमार्गे न्यायला सांगावे, म्हणजे सतराव्या शतकात बांधलेल्या, तीन किलोमीटरहून लांब असलेल्या पुलावरून जाता येते. सकाळी बॉम जेझूस बॅसिलिकेत प्रार्थना असते. दुपारी आत शांतपणे फिरता येते. ही वास्तू १६०५ ची आहे आणि फ्रान्सिस झेवियरचे शव इथेच आहे. समोरचे से कॅथेड्रल पाहून झाले की थांबावे. तिथल्या सगळ्या चर्चना एकाच दुपारी भेट दिली तर एकही लक्षात राहत नाही. वेळ उरलाच तर जवळच्या धक्क्यावरून दिवाडीच्या फेरीने एक फेरी मारावी, पण गाडीच्या किमान अर्धा तास आधी करमळीला असावे. स्थानक छोटे आहे, जेवणाची फारशी सोय नसते, तेव्हा पणजीतून निघतानाच पोया (गोव्याचे कोंड्याचे पाव) आणि सुकी भाजी बांधून घ्यावी.