मोजक्या पैशांत स्वयंपाकघरातील सुऱ्या घेण्यापूर्वीची तयारी

सुऱ्या घ्यायला बाजारात जाण्यापूर्वी आठवडाभर एक कागद ओट्याजवळ ठेवावा आणि त्या आठवड्यात आपण काय काय चिरले, ते रोज रात्री त्यावर लिहावे. आमच्या चौघांच्या घरी असा कागद भरला, तेव्हा रोजच्या रकान्यात कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर आणि बटाटा एवढीच नावे आली. कोबी, दुधी आणि लाल भोपळा आठवड्यातून एकदा-दोनदा आले, आणि मासळी दोनदा आली असली तरी ती बाजारातच कोळणीकडून साफ करून, तुकडे करून घेतलेली होती. ही यादी समोर ठेवली की घराला खरोखर दोनच सुऱ्या लागतात, हे आपोआप दिसते. एक मोठी, जिचे पाते १८ ते २० सेंटिमीटरचे आहे, आणि एक लहान, ८ ते १० सेंटिमीटर पात्याची, जी हातात धरून लसूण सोलायला, मिरचीचे देठ काढायला आणि फळ कापायला उपयोगी पडते. कडक कवचाचा पाव घरी नेहमी येत असेल तरच दातेरी पात्याची तिसरी सुरी घ्यावी; आपला लादीपाव हाताने तुटतो, त्याला ती लागत नाही.

हे आधी ठरवून ठेवण्याचे कारण असे की दुकानात सगळ्यांत आकर्षक दिसतो तो संच. मी स्वतः पूर्वी लाकडी स्टँडसह सात नगांचा संच घेतला होता. सहा महिन्यांनी पाहिले, तर त्यातल्या दोनच सुऱ्या वापरात होत्या आणि त्या दोन्हींची धार गेलेली होती, कारण दोन सुऱ्यांना पुरले असते तेवढे पैसे सात सुऱ्यांत वाटले गेले होते. एका संध्याकाळी पिकलेला टोमॅटो चिरताना पाते सालीत न शिरता सालीवरून घसरले आणि डाव्या हाताच्या तर्जनीत गेले. दोन टाके पडले. धारदार सुरी जपून वापरावी हे सगळेच सांगतात, पण बोथट सुरीला जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेले पाते घसरले की ते आपल्या ताब्यात राहत नाही. संच घ्यायचा मोह झाला तर त्यातल्या कोणत्या सुऱ्यांची नावे आपल्या कागदावरच्या कामांशी जुळतात, हे तिथल्या तिथे मोजून पाहावे.

यानंतर पैशांची विभागणी घरीच करून ठेवावी. समजा हातात दोन हजार रुपये आहेत. त्यातले निम्मे मोठ्या सुरीसाठी, सुमारे चतुर्थांश धार लावण्याच्या दगडासाठी आणि उरलेल्यात चिरण्याचा पाट आणि लहान सुरी, अशी माझी वाटणी असते, आणि खर्च कमी करायची वेळ आली तर सुरी थोडी हलकी घ्यावी पण दगड वगळू नये, असे माझे ठाम मत आहे. कोणतीही सुरी, कितीही महाग असली तरी, रोजच्या वापरात काही महिन्यांत बोथट होतेच. दगड घरात असलेली साधी सुरी वर्षानुवर्षे टोमॅटो नीट कापते आणि दगड नसलेली भारी सुरी पुढच्या दिवाळीपर्यंत ड्रॉवरच्या तळाशी जाते.

पोलादाबद्दल निवडीपुरती माहिती अशी. लोखंडात किमान १०.५ टक्के क्रोमियम असले की त्याला स्टेनलेस म्हणतात. क्रोमियम गंज रोखते, पण धार टिकवते ती मुख्यतः कार्बन आणि पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे तापवून एकदम थंड करण्याची प्रक्रिया. ताटल्या आणि वाट्या ज्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, त्याला असे पाणी देता येत नाही आणि त्याला चुंबकही जवळजवळ चिकटत नाही. म्हणून फ्रिजवरचा एक लहान चुंबक खिशात टाकून दुकानात जावे आणि तो पात्याला लावून पाहावा. चुंबक धरला नाही तर ती सुरी ठेवून द्यावी. धरला म्हणून मात्र सुरी चांगली ठरत नाही, कारण पाणी न घेणारे काही स्वस्त स्टीलही चुंबकाला धरते. ही परीक्षा फक्त वाईट माल वगळण्यासाठी आहे.

पात्यावर किंवा वेष्टनावर कठीणपणाचा आकडा दिला असेल तर तो पाहावा. हा आकडा रॉकवेल मापात असतो. युरोपीय पद्धतीच्या घरगुती सुऱ्या साधारण ५४ ते ५८ या टप्प्यात येतात आणि जपानी सुऱ्या बहुधा ६० किंवा त्याहून वर जातात. कठीण पाते जास्त दिवस धार धरते, पण ते ठिसूळही असते. फणसाची आठळी, माशाचा काटा किंवा गोठलेले मटण यांवर आपटले तर त्याच्या धारेचा कपचा उडतो. आपल्या स्वयंपाकात सुरण, लाल भोपळा आणि उसाचे कांडे एकाच सुरीखाली येतात, म्हणून मी ५५-५६ च्या आसपासचे पाते सुचवीन: त्याची धार लवकर बोथट होते, पण दगडावर तितक्याच लवकर परतही येते. याच जातीचे एक जर्मन पोलाद फार प्रचलित आहे, ज्याच्या नावात ५० आणि १५ हे आकडे येतात. त्यांचा अर्थ सुमारे ०.५ टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असा आहे. स्वित्झर्लंडमध्ये १८८४ साली सुरू झालेली व्हिक्टोरिनॉक्स ही कंपनी प्लास्टिकच्या मुठीच्या साध्या सुऱ्यांत हेच पोलाद वापरते आणि अशा सुऱ्या जगभरातल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत चालतात. ती किंमत आवाक्यात असेल तर पुढचा शोध थांबवायला हरकत नाही. पात्यावर लाटांसारखी नक्षी असलेल्या स्वस्त सुऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. खरे थरांचे पोलाद त्या किमतीत होत नाही, ती नक्षी वरवर कोरलेली असते आणि तिचे पैसे पोलादातून वजा झालेले असतात.

दुकानात सुरी हातात घेतल्यावर घाई करू नये. पाते डोळ्यासमोर आडवे धरून टोकाकडून मुठीकडे पाहावे. ते सरळ रेषेत हवे. पाठ जाड आणि धारेकडे येता येता पाते पातळ होत गेलेले हवे, कारण धारेच्या लगेच वर जाड असलेले पाते गाजर कापत नाही, पाचर मारल्यासारखे फोडते. सुरी पाटावर धरून चिरण्याची हालचाल करून पाहावी आणि बोटांचे सांधे पाटाला आपटतात का, ते तपासावे. अरुंद पात्याच्या सुऱ्यांत हा दोष हमखास असतो आणि तो दुकानात लक्षात येत नाही, घरी दुसऱ्या दिवशी येतो. मूठ आणि पाते जिथे मिळतात तिथे नखाने चाचपावे. तिथे फट असेल तर तीत कांद्याचे पाणी जाऊन बसते आणि कुजते. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे असा आग्रह पुष्कळ जण धरतात. लाकडी, रिबिटांच्या मुठीसाठी तो योग्य आहे, पण प्लास्टिकची मूठ पात्यावर घट्ट ओतलेली असेल तर नसले तरी चालते.

ज्यांच्या घरी विळी आहे त्यांनी आणखी एक विचार करावा, आणि हा मुद्दा मला फार जवळचा आहे. विळीत पाते स्थिर असते आणि भाजी फिरते, दोन्ही हात भाजीवर असतात आणि जोर पाटावर बसलेल्या अंगाचा असतो. सुरीत याच्या बरोबर उलट. माझी आई उभ्याच्या ओट्यावर आल्यानंतरही दोन वर्षे सुरी हातात धरून तिच्यावर भाजी ओढत असे, कारण हाताला तीच सवय होती. अशा हाताला जड, लांब सुरी देऊ नये. १६ ते १८ सेंटिमीटरची, जवळजवळ सरळ धारेची जपानी घडणीची सांतोकू तिला लगेच जमली, कारण ती पुढे-मागे डोलवावी लागत नाही, सरळ खाली दाबली की काम होते. आणि नवी सुरी आली म्हणून विळी भंगारात देऊ नये. फणस, सुरण, केळफूल यांना तिच्यासारखे साधन नाही, आणि तिच्या टोकाला खोवणी असेल तर नारळासाठी वेगळा खर्चही वाचतो.

धारेचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एक बाजू खरखरीत आणि दुसरी बारीक असलेला घ्यावा. दाण्यांचे आकडे दिले असतील तर एक बाजू ४०० च्या आणि दुसरी १००० च्या जवळची असावी. दगड ओल्या फडक्यावर ठेवून, पाण्याने भिजवून, पाते त्यावर टेकवावे आणि पाठ थोडी उचलावी. साडेचार सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ दीड सेंटिमीटर वर राहिली की कोन सुमारे २० अंशांचा होतो, आणि घरगुती वापराला तो पुरतो. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूच्या कडेवर पोलादाची अगदी बारीक ओरखडणारी कड उलटलेली बोटाला जाणवते. बोट धारेवरून लांबीने न फिरवता पाठीकडून धारेबाहेर ओढून ती पाहावी. टोकापासून मुठीपर्यंत ती सगळीकडे लागली की बाजू बदलावी, आणि शेवटी बारीक बाजूवर हलक्या हाताने दोन्हीकडून आळीपाळीने घासून ती कड काढून टाकावी. पहिल्यांदा याला अर्धा तास लागेल. फटीतून सुरी ओढायची छोटी यंत्रे स्वस्त असतात, पण ती पोलाद खूप खातात आणि धार करवतीसारखी ठेवतात. सायकलवरचा धार लावणारा दारावर आला तर त्याला काम जरूर द्यावे, मात्र चाक हलके टेकवायला आणि पाते मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे. धारेवर निळसर डाग आला तर पोलादाला दिलेले पाणी तिथे उतरले असे समजावे.

पाट लाकडाचा किंवा जाड प्लास्टिकचा असावा. काचेवर, ताटात आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा कडाप्प्यावर चिरल्याने एका आठवड्यात धार जाते. मासळीचा पाट वेगळा ठेवावा. सुरी वापर झाल्याबरोबर धुऊन, पुसून ठेवावी, खरकट्या भांड्यांत सोडू नये: लिंबू, कोकम आणि मीठ स्टेनलेसलाही डाग पाडतात, आणि भांडी घासणाऱ्या हाताला पाण्याखालचे पाते दिसत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवायची असल्यास जाड पुठ्ठा दुमडून, चिकटपट्टी लावून तिला म्यान करावे. फणस कापण्यापूर्वी पात्याला खोबरेल तेलाचे बोट फिरवावे म्हणजे चीक धरत नाही.

सुरी घरी आणल्यावर पावती जपून ठेवावी आणि त्याच दिवशी एक पिकलेला टोमॅटो पाटावर ठेवून, जोर न लावता, फक्त पात्याच्या वजनाने सुरी त्यावरून ओढून पाहावी. साल फाटली नाही, तर नवी सुरीसुद्धा एकदा दगडावर घ्यावी, कारण कारखान्यातून येणारी धार बऱ्याचदा अर्धवट असते. दगडावर घेऊनही टोमॅटो दबलाच, तर दुसऱ्या दिवशी ती बदलून आणावी. ओट्याजवळचा तो कागद मग फाडून टाकू नये. त्याच्या मागच्या बाजूला धार लावल्याची तारीख लिहावी आणि टोमॅटो पुन्हा दबू लागेल त्या दिवसाची तारीख तिच्याखाली लिहावी; आमच्याकडे हे अंतर साधारण दोन महिन्यांचे निघाले आहे.